पोटाकडची बाजू

गोदामात नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला दोनच गोष्टी सांगत. एक, संडास कुठे आहे. दुसरी, मामाच्या ट्रेला हात लावायचा नाही. दुसरी गोष्ट विसरलास तर पहिली शोधत पळावं लागेल, अशी पुस्ती वर भाची जोडायची.

भाची म्हणजे मामाची खरोखरची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. पॅकिंगच्या टेबलावर होती. ती कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी तिने शेडच्या या टोकाहून त्या टोकाला “मामाऽ, डबा विसरलात!” अशी हाक मारली. त्या दिवसापासून सगळं गोदाम त्याला मामा म्हणायला लागलं. मालक त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, डोक्यावर एक केस काळा नाही; तोही मामाच म्हणायचा.

गोदाम शोभेच्या माशांचं. पत्र्याची लांबलचक शेड, आत तीन-तीन मजली काचेच्या टाक्या. बारा महिने दमट उकाडा, पंपांची घरघर, जमीन कधी कोरडी म्हणून नाही. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पायाच्या बोटांत चिखल्या. परदेशातून थर्माकोलच्या पेट्यांतून मासे यायचे, ते निवडायचे, आठवडाभर टाकीत ठेवून हुशार करायचे आणि पुन्हा पिशव्यांत भरून दुकानांकडे रवाना करायचे. पेटीवर लिहिलेलं असायचं एक आणि आत निघायचं तिसरंच. कोणता मासा कोणता, हे सांगायचं काम मामाचं.

त्याआधी तो स्क्रूच्या कारखान्यात तपासनीस होता. तिथे त्याच्या बोटांना सवय लागली. बादलीभर स्क्रूंत हात घालायचा आणि ज्याचा आटा चुकलाय तेवढा बोटांनी नेमका उचलायचा. कारखाना बंद पडला आणि मामा माशांत आला. “स्क्रू बरे होते,” तो म्हणायचा, “मरत नव्हते.”

माशांत त्याचा जीव जडला तो मिशाळांवर. गोदामातलं नाव ते. मोठी नावं पेटीवरच्या कागदात असायची, ती म्हणताना प्रत्येकाची जीभ अडखळायची. हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, तळाची वाळू उकरत खाणारा. लांबीला फार तर अंगठ्याची दीड पेरं. अंगावर खवला नाही. खवल्यांच्या जागी हाडाच्या पट्ट्या, वर एक रांग, खाली एक रांग, कौलं शाकारावीत तशा एकीवर एक चढलेल्या आणि मधोमध वेणी घालावी तशा गुंतलेल्या. तोंडाला मिश्या. पाठीच्या पराला आणि दोन बाजूंच्या परांना पुढे एकेक काटा. भ्यायला की काटे ताठ करतो आणि त्यांना जणू कुलूप घालतो. मग जाळीत अडकला तर जाळी कापावी लागते, मासा काही सुटत नाही. मधेच सूं करून वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि पुन्हा तळाला. आणि डोळा मिचकावतो. खरंच. बुबुळ खाली फिरवतो आणि पुन्हा वर आणतो.

“मामा,” भाची म्हणायची, “तुम्हाला डोळा मारणारं जगात आता एवढंच उरलंय.”

“तुझ्या नवऱ्याने तुला शेवटचा कधी मारला होता?”

“त्यांचे मिटलेलेच असतात. टीव्हीसमोर.”

या मिशाळाची एक खोड मात्र वाईट. जिवाच्या भीतीने तो कल्ल्यांजवळून विष सोडतो. नदीत कुणाचं काही बिघडत नाही, नदी मोठी. पण पिशवीत पाणी पेलाभर. विष सोडणाराही त्यातच मरतो आणि बरोबरचे वीस-पंचवीस घेऊन जातो. म्हणून गोदामात एक काम होतं, घाबरवणीचं. निळा प्लास्टिकचा टब, त्यात मिशाळ सोडायचे आणि कोपरापर्यंत हात घालून पाणी गरागरा फिरवायचं, टबाला थापा मारायच्या, माशांना पळता भुई थोडी करायची. त्यांचं काय ते विष सोडून झालं, पाण्यावर फेस आला, की पाणी ओतून द्यायचं. असं दोनदा. मग चांगल्या पाण्यात तासभर ठेवून पिशवीत. सगळ्या गोदामात यापेक्षा हलकं काम नाही. हात खाज सुटून लाल व्हायचे, काटे टोचायचे आणि करायचं काय, तर मुक्या जिवांना भिवडवायचं. मालकाला कुणाचा राग आला की तो तेवढंच म्हणायचा, “टबावर बसवीन हं.”

मामाचा स्वतःचा एक नियम होता. मिशाळाचं नाव तीन बाजू बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. आधी कुशीकडून, मग पाठीकडून, शेवटी पोटाकडून. दोन बाजू सगळेच बघतात, काचेतून दिसतात त्या. तिसरीसाठी मासा हातात घ्यावा लागतो. तळहात ओला करायचा, मासा उताणा धरायचा, अंगठा छातीवर टेकवायचा. काटे टोचतात, टोचू द्यायचे. मामाच्या उजव्या तळव्यावर त्या टोचण्यांचे बारीक काळे ठिपके कायमचे उमटले होते, पेन्सिलचं टोक मोडून आत राहावं तसे. “पोट बघितलंस?” एवढा एकच प्रश्न तो शिकाऊ माणसांना विचारायचा. नाही म्हणणाऱ्याकडे पुन्हा मान वर करून बघायचा नाही.

हा नियम त्याला शिकवला काजळीने.

अकरा वर्षांपूर्वी एका पेटीत तीसेक मिशाळ निघाले. ओल्या वाळूच्या रंगाचे, अंगावर ठिपका नाही की रेघ नाही. फक्त डोळ्यावरून आडवा काळा पट्टा, काजळ घालताना हात हलला आणि गालापर्यंत फासलं गेलं तसा. पाठीच्या पराचा काटा काळा आणि तो काळा रंग खाली पाठीवर उतरून दोन फाट्यांत फुटलेला. नाक आखूड, बोथट. कागदावर नाव नव्हतं, नुसता नंबर. म्हणजे कुणा शिकलेल्या माणसाने त्याला अजून नावही दिलेलं नव्हतं. गिऱ्हाइकांना रंगीत हवे होते, या मातकट पोरींना विचारतो कोण? मामाने रिकामा वेळ म्हणून एकेकाला उताणं केलं, आणि त्याचा अंगठा थबकला. निम्म्यांच्या छातीवर दोन हाडं उघडी होती, नखासारखी कडक, मधे बारीक फट. उरलेल्या निम्म्यांची छाती मऊ, वर कातडी. कुशीकडून सारखे, पाठीकडून सारखे, एकत्र फिरणार, एकत्र खाणार. आणि जात मात्र वेगळी. एकाच ओढ्यात एक खरा आणि एक त्याच्या वेषातला. हाडवालीला त्याने नाव दिलं काजळी. मऊ छातीच्या सोंगाड्याला म्हणायला लागला तोतया.

तोतये गोदामातच राहिले आणि कधीतरी पिशवीतला आकडा पुरा करायला भरतीचा माल म्हणून गेले. चौदा काजळ्या मामाने मालकाला विचारून घरी नेल्या, झाकणाच्या डब्यातून, बसमध्ये मांडीवर ठेवून.

घर म्हणजे दीड खोली. शिलाई मशीन विकल्यावर तिचा लोखंडी सांगाडा उरला होता, शेगडी आणि कपाटाच्या मधे. त्यावर टाकी बसली. मामी, म्हणजे मामाची बायको, पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“दिवसभर तिथे मासे, आता इथेही मासे. मी कुठे जाऊ? त्या रिकाम्या गोदामात?”

“दिसतात बघ कशा.”

“कशा म्हणजे? काजळ पसरलेल्या. नवऱ्याशी भांडून माहेरी आल्यासारख्या.”

पण पुढे ह्याच मामीने त्यांच्यासाठी गांडुळं बारीक चिरली, तीही भाजीच्या विळीवर, आणि नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही. त्यांना मूल नव्हतं. त्यावर बोलून बोलून दोघं कधीच थकले होते, आणि टाकीचा त्याच्याशी संबंध कुणी जोडला असता तर मामीने त्याच्या तोंडावर विळीच फेकून मारली असती. मासे ते मासे. पण घरात शिरल्यावर पहिली नजर तिकडे जायची, दोघांचीही.

काजळ्या अंडी घालायच्या त्या गार पाण्यावर. टाकीत एकदम गार पाणी ओतलं की त्यांना वाटायचं वरच्या अंगाला पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं. मामा फ्रिजमध्ये पाण्याच्या सहा बाटल्या भरून ठेवायचा आणि मामीला प्यायला नळाचं कोमट पाणी. “माझ्या घरात मासे गार पाणी पितात,” मामी शेजारणीला सांगायची. मग मादी पोटाखालचे दोन पर ओंजळीसारखे जुळवायची, त्यात दोन-तीन अंडी घेऊन काचेपाशी जायची आणि ती तिथे चिकटवायची. दोन दिवसांत अंडी मधाच्या रंगाची व्हायची, चौथ्या दिवशी आत डोळे दिसायचे. अशी काही पिल्लं मामाने वाढवली. काही हौशी लोकांना दिली. त्यांनी ती मारली, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. मामाने देणं बंद केलं.

आणि मग गेल्या तीन वर्षांत नर जायला लागले. म्हातारे झाले म्हणा, एका उन्हाळ्यात तीन दिवस वीज नव्हती ते निमित्त म्हणा. एकामागून एक. घरची पिल्लं वाढून उरल्या त्याही माद्याच. शेवटचा नर गेला तेव्हा टाकीत चार माद्या होत्या, सगळ्या गोलमटोल, अंड्यांनी भरलेल्या, आणि उपयोग शून्य. मामाने मालकाच्या मागे लागून माल पाठवणाऱ्याला पत्र लिहायला लावलं. उत्तर आलं चार ओळींचं. तो नंबर आता मागू नका. ज्या ओढ्यात तो मिळायचा त्याच्यावर खाणीचा गाळ आला आहे. दुसऱ्या कुठल्या ओढ्यात तो कुणाला मिळालेला नाही.

मामाने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुपारचा डबा न उघडता घरी नेला. मामीने डबा उघडून बघितला आणि रात्री त्यातलंच गरम करून वाढलं. तिथून पुढे प्रत्येक पेटी उघडताना मामाचा जीव टांगणीला असायचा. एक नर. गाळ येण्यापूर्वी कुणीतरी पकडलेला, कुठल्या तरी टाकीत विसरलेला, चुकून भरतीत आलेला एकच नर त्याला हवा होता. माद्यांचं वय होत आलेलं. अजून एखादं वर्ष त्या अंडी घालतील, फार तर.

तो आला एका बुधवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. एक नाही, दोन.

साध्या तपकिरी मिशाळांची पेटी होती, दोनशेची. मामाने पिशवी ट्रेत ओतली आणि त्याचा हात हवेतच राहिला. डोळ्यावरून काळा पट्टा. दोघांच्या. वरून बघितलं, दोघेही सडपातळ, म्हणजे नर. पाठीवर काळे फाटे, दोघांच्याही. एकाचा पट्टा गडद होता आणि तो ट्रेभर नाक खुपसत फिरत होता. दुसऱ्याचा पट्टा फिका, आणि तो कोपऱ्यात पडून धापा टाकत होता.

मामाने तळहात ओला केला. आणि मग थांबला.

तीन दिवसांचा प्रवास करून आलेला जीव. उताणा केला, काटे ताठ केले, विष सोडलं आणि हातातच गेला तर? मामाच्या हातात असे मासे गेले होते, शंभरात एखादा. शंभरातला एखादा त्याने आजवर मोजला नव्हता. त्या सकाळी त्याला तोच दिसायला लागला. आणि गरज तरी काय? एका ओढ्यातून एक खरा आणि एक तोतया येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? गडद काजळ ते खरं, फिकं ते सोंग. हे तो कधी कुणाला बोलला नव्हता, कारण ते खरं नव्हतं. पोट सोडून दुसरी खूण नाही, हे त्यानेच सगळ्यांना पढवलं होतं. पण त्या सकाळी ती गडद-फिक्याची खूण त्याला पुरली.

“भाचे, इकडे ये!”

भाची हात पुसत आली. “काय झालं? चावला?”

“बघ.”

“मिशाळ आहे.”

“नर आहे. काजळीचा नर आहे!”

तिने मामाच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याचे सगळे दात तिने एकदम कधी बघितले नव्हते. “अगं बाई,” ती म्हणाली. “लग्न ठरलं म्हणा की. चार बायकांत एकटा. काही खरं नाही त्याचं.” आणि मग हळूच, “तो दुसरा?”

“तो तोतया. टाक मालात.”

तिने फिका मासा वाडग्यात घेतला. दुपारी दोनशे मिशाळांची घाईची ऑर्डर जायची होती, आठवडा न थांबता हाच माल. ती टबाकडे वळली तसा मामाने तिला अडवलं.

“असू दे गं. आज नको छळू बिचाऱ्यांना. थकून आलेत.”

“घाबरवायचं नाही?”

“एक दिवस नाही घाबरवलं तर काय आभाळ कोसळतंय? पाणी जास्त घाल पिशवीत.”

भाचीला आश्चर्य वाटलं. पण मामा सांगतोय म्हटल्यावर प्रश्न नाही. आनंदाने माणूस कसा मऊ होतो ते तिला ठाऊक होतं. तिचा नवरा बढती मिळाली त्या दिवशी भांडी घासून मोकळा झाला होता.

नर घरी आला. डबा मांडीवर, बस तीच. मामीने दारातच ओळखलं. तिने शेगडी बारीक केली आणि टाकीवरचं झाकण स्वतः उचललं. चार म्हाताऱ्या आधी लांब गेल्या, मग एकेक करून आल्या. नराने मिश्या लावून बघितलं, आणि तासाभरात त्यांच्या मागे लागला.

“बघा, बघा,” मामी म्हणाली, “लाज नाही मेल्याला. पाय धुतले नाहीत अजून.”

आठ दिवस मामाने त्याला खाऊ-पिऊ घातलं. नवव्या दिवशी सहा बाटल्या गार पाणी ओतलं. दहाव्या दिवशी सकाळी काचेवर अंडी होती. मामीने मोजली, त्रेचाळीस. तिने मामाला उठवलं नाही, नुसता त्याच्या अंगावरचा पंखा बंद केला. तो आपोआप उठला. दोघं चहा घेऊन त्या सांगाड्यासमोर बसली. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी. त्या दिवशी मधाचा रंग यायला हवा होता. “उशीर लागत असेल,” मामी म्हणाली. मामाने बुरशीवरचं निळं औषध घातलं. तिसऱ्या दिवशी अंड्यांवर कापसासारखी बुरशी चढली, एकूण एक, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. चौघींपैकी सगळ्यात मोठी मादी अंडी घालून जी तळाला बसली ती उठलीच नाही. तिला मामीने कागदात गुंडाळून खाली नेलं.

“म्हाताऱ्या झाल्यात हो त्या,” वर येऊन ती म्हणाली. “बाईचं असं होतंच. त्याचा काय दोष?”

 मामाने वाडग्यात नर घेतला. तळहात ओला केला.  बावीस वर्षं माशांत मुरलेला हात होता तो. मासा उताणा केला. काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. त्याने अंगठा छातीवर टेकवला.

बाळाच्या टाळूसारखं मऊ.

त्याने अंगठा पुन्हा टेकवला, थोडा वर, थोडा खाली. हाड नव्हतं. मासा हातात गेला नाही, विषही सोडलं नाही, चांगला टणक होता. त्याने तो टाकीत सोडून दिला आणि हात तसाच ओला धरून बसला.

“काय?” मामी म्हणाली.

“तोतया आहे.”

मामीला बाकीचं सांगावं लागलं नाही. अकरा वर्षं ऐकत होती ती. तिने विचारलं, अगदी साधेपणाने, भाजी कोणती आणली हे विचारावं तसं.

“दोन्ही का नाही आणले?”

 मालकाने नाही म्हटलं नसतं. डब्यात दोन मावले असते. टाकीत जागा होती. त्याला खात्री होती, एवढंच. खात्री नसती तर दोन्ही आणले असते.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी सातला गोदामाच्या दारात उभा होता. भाची आली तसं त्याने विचारलं, “त्या बुधवारची ऑर्डर. दोनशे मिशाळ. कुठे गेली?”

“किती दिवस झाले त्याला. का?”

“तो दुसरा खरा होता.”

भाचीच्या हातातली पिशवी खाली गेली. तिने वही काढली, दुकानाचं नाव शोधलं आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला. दुकानदार दिलदार माणूस होता, सगळ्यांशी लांबण लावून बोलायचा. आधी तब्येतीची चौकशी झाली. मग भाचीने विचारलं.

“तो माल?” दुकानदार म्हणाला. “बाई, मी तक्रार केली नाही, तुमचं नेहमीचं काम चांगलं असतं म्हणून. पण त्यातली एक पिशवी पूर्ण गेली हो. पंचवीसच्या पंचवीस. पाणी कसं, साबणासारखं फेसाळलेलं.”

मामा फोनकडे वाकला. “त्या पिशवीत एक वेगळा होता का? डोळ्यावर काळा पट्टा?”

“होता की. एक होता. मी म्हटलं हा कुठून आला.”

“पोट बघितलंत त्याचं?”

“काय?”

“पोट. छातीवर हाड होतं का?”

पलीकडे दुकानदार हसला. त्याला वाटलं थट्टा चाललीय. “मामा, मेलेल्या माशाचं पोट कोण बघतं हो?”

फोन बंद झाल्यावर भाची टेबलाची कड धरून उभी राहिली. “मी घाबरवायला हवं होतं त्यांना,” ती म्हणाली. “तुम्ही काहीही म्हणा, मला ठाऊक होतं ना. मी घाबरवायला हवं होतं.”

“मी नको म्हटलं.”

“तुम्ही म्हटलं तरी.”

“भाचे,” मामा म्हणाला, “गप्प बस.” त्याचा आवाज चढला नव्हता.  मग तोच पुढे म्हणाला, “तोही तोतया असेल. दोन तोतये येऊ शकतात. कुणाला ठाऊक?” आणि हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे कधीच कुणाला कळणार नाही. खरा होता म्हणून रडावं, तर तसंही नक्की नाही.

दुपारी तो मालकाच्या खोलीत गेला. मालक हिशेबाच्या कागदांवर डोकं ठेवून डुलकी घेत होता.

“मला टबावर बसवा.”

मालकाने डोळे चोळले. “कुणाचा राग काढताय, मामा?”

“कुणाचा नाही. निवडणीला भाचीला बसवा. तिला तिन्ही बाजू येतात.”

“तुमच्यासारखा डोळा या धंद्यात नाही. मी काय येड्या गाढवासारखा तुम्हाला फेस काढायला बसवू?”

“माझा डोळा आता त्याला हवं तेच बघतो,” मामा म्हणाला. “तो कामाचा नाही राहिला.”

मालकाने समजूत घातली, चहा मागवला, शेवटी शिव्याही घातल्या. मामा चहा पिऊन टबाकडे गेला.

आता भाची निवडणीच्या टेबलावर बसते. मिशाळ आला की तळहात ओला करते. कधी अडलं तर तिथूनच ओरडते, “मामा, जरा बघता का?”

“पोट बघितलंस?”

“बघितलं.”

“मग मला काय विचारतेस?”

बाकी दिवसभर मामा टबावर. कोपरापर्यंत हात घालून पाणी फिरवतो, टबाला थापा मारतो. मासे सैरावैरा पळतात, एकमेकांना काटे लावतात, पाण्यावर पांढरा फेस चढतो. हाताची कातडी सोलवटून निघालीय. कधीकधी फिरत्या पाण्यात एखादा मिशाळ तळव्यात येतो आणि सवयीने अंगठा त्याच्या छातीवर जातो. मऊच असते. मामा त्याला सोडून देतो आणि हात फिरवत राहतो. फेस आला की टब ओततो, पुन्हा भरतो, पुन्हा फिरवतो. ऑर्डर कितीही घाईची असो, गाडी दाराशी उभी राहून हॉर्न देत असो, दोनदा म्हणजे दोनदा.

घरी मधे आणखी एक काजळी गेली. टाकीत आता दोन काजळ्या आहेत आणि तो तोतया. त्याला कुठे पाठवायचं? ओढ्यातही तो त्यांच्याबरोबरच फिरायचा. तिघं मिळून वाळू उकरतात. अधूनमधून काचेवर पाच-सहा अंडी दिसतात. आठवण आल्यासारखी घालतात त्या. मामा ती जुन्या ब्लेडने खरवडून काढतो, पांढरी व्हायच्या आधीच.

फ्रिजमधल्या सहा बाटल्या तशाच भरलेल्या असतात. मामा कामावरून आला की मामी त्यातली एक काढून त्याच्यापुढे ठेवते. सोललेल्या हाताला ती गार बाटली बरी वाटते. तो ती थोडा वेळ धरून ठेवतो, मग पाणी पितो.